वझे काकांचं गवत

आमचे वझे काका दर दोन वर्षांनी स्वतःच्या जंगलाला स्वतः आग लावतात. रीतसर परवाना काढून, वाऱ्याची दिशा बघून, हेल्मेटखाली माकडटोपी घालून. पुढचा आठवडाभर मराठी मंडळात ते जिथे बसतील तिथल्या आजूबाजूच्या खुर्च्या धुराच्या वासानं रिकाम्या होतात.

आमच्या मॉरिसव्हिल गावापासून दीड तासावर, वाळूच्या जमिनीत, त्यांची वीस एकर आहेत. तिथे लाँगलीफ पाइन लावलेत. मोठं चमत्कारिक झाड. पहिली काही वर्षं गवताच्या झुपक्यासारखं जमिनीवर बसून राहतं, खाली मुळं धरतं आणि मग एकदम उंच निघतं. सावली सोसत नाही, आणि मधूनमधून आजूबाजूचं रान जाळलं नाही तर बाकीची झाडं त्याला दाबून टाकतात. ओकचं पुन्हा सगळं वेगळं. "ज्याचं त्याला," हे काकांचं पालुपद. माझ्या अंगणातल्या मेपलच्या बुंध्याशी मी मातीचा ढीग केला, तर "बुंधा कुजेल त्याचा!" म्हणून भर पंगतीत मला झापलं होतं. माणसांनाही ते हाच हिशेब लावतात. मंडळातल्या एकीचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा काका तिला म्हणाले, "लाँगलीफ आहे तो. मुळं धरतोय." तिला हसावं की रडावं कळेना.

ही लागवड काका-काकूंनी मिळून केली आणि त्याच वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून दूर चँडलर गावी राहणारी त्यांची मुलगी, मुग्धा, त्यांना तिकडे बोलावतेय. काकांनी शब्द दिलाय, रोपं गवतातून वर आली की जागा विकून येतो. दर रविवारी ती विचारते, काका फोटो पाठवतात, फोटोत गवत. असलं आळशी झाड लावलंच कशाला, असं आम्हीही म्हणायचो.

या फेब्रुवारीत काकांचा गुडघा धरला, म्हणून मी त्यांना ड्राइव्ह करून नेलं. फाटकापाशी फोटोतले तेच झुपकेच झुपके होते. मला गाडीतच बसायला सांगून ते आत गेले. पाण्याची बाटली विसरले म्हणून मी मागून गेलो. उंचवटा ओलांडला आणि थांबलोच. माझ्या डोक्याच्या वर गेलेले पाइन, रांगाच्या रांगा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली." काका अजिबात ओशाळले नाहीत. "मी पहारीनं भोक पाडायचो, ही रोप ठेवून टाचेनं माती दाबायची. एकेका रोपाशी तिची टाच टेकलीय रे. हे विकून मी तिकडे काय करू?"

इतकी वर्षं बनवलं म्हणून मला राग यायला हवा होता. पण मी बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली.

परतताना मुग्धाचा फोन आला. मी बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"दादा, तू आत जाऊन बघितलंस ना? खरं सांग, how tall are they?"

मी गाडी कडेला घेतली.

"अजून गवतच आहे गं," मी म्हणालो.