दौलतकाकांनी सोडलेला नारळ

आमच्या शेजारचे दौलतकाका खानावळीत बसले की आधी पाणी मागत नाहीत. आधी स्वयंपाक करणाऱ्याला बाहेर बोलावतात आणि गंभीरपणे विचारतात, "याच्यात ओला नारळ आहे काय?"

नागपुरात याचं उत्तर ठरलेलं असतं. आमच्याकडे रश्श्याला सुकं खोबरं भाजून वाटतात. ओला नारळ देवापुढे फोडण्यापुरता. त्यामुळे स्वयंपाकी हसतो. काका हसत नाहीत. "इचारलं तं काय बिघडते?" एवढंच म्हणतात आणि मग जेवतात.

काका-काकू काशीला जाऊन आले, तेव्हापासूनचं हे. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, अशी रीत आहे. काकूंनी संत्री सोडली. काकांनी ओला नारळ. माझे बाबा म्हणायचे, मासोळीनं झाडावर चढणं सोडलं, तसं आहे हे. काकू तर चारचौघांत ऐकवायच्या की यांनी देवालेबी चुना लावला. काकांना त्याचा अभिमानच होता. नेम घ्यावा तर पाळता येईल असा घ्यावा, असं ते सगळ्या गल्लीला समजावून सांगत.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. काकांना मूलबाळ नाही. बाबांना रजा मिळेना, म्हणून यंदा दिवाळीच्या सुटीत आई, मी आणि काका मिळून कुठेतरी जायचं ठरलं. आई पचमढी म्हणत होती, जवळ पडते म्हणून. काका मात्र समुद्रावर अडून बसले. शेवटी आम्ही रेल्वे आणि दोन एसट्या बदलून मालवणच्या बाजूच्या एका लहान गावी पोचलो.

मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारीही मी पहिलीच, त्यामुळे एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहिली की ती नीट समजली का, अशी मला भीती वाटते. सकाळी आम्ही ओल्या वाळूवरून दूर खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, चपला हातात. लाट आली की ते दोन पावलं मागे सरत आणि ती परत जाईपर्यंत अदबीनं उभे राहत, वडीलधाऱ्याला वाट द्यावी तसे.

वाटेत एका घराच्या अंगणात तांदळाची घावनं आणि सोबत गोड रस मिळत होता. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. घावनं घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, रस नारळाचाच असतो. दुसरं काय घालणार?"

काकांचा चेहरा खुलला. मला ते विचित्रच वाटलं. नारळ कसा खवतात, दूध कसं काढतात, गूळ किती, सगळं त्यांनी विचारून घेतलं. रसाची वाटी नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढे सरकवली. स्वतः कोरं घावन चहात बुडवून खाल्लं.

दुपारी खानावळीत तेच. माशाच्या कालवणात नारळ, सोलकढीत नारळ, गवारीच्या भाजीवरसुद्धा नारळ. प्रत्येक "आहे" ऐकून काका मान डोलवत आणि वाटी आमच्याकडे देत. त्यांच्या ताटात भात, तळलेला बांगडा आणि लिंबाची फोड उरली. वाढणाऱ्या मावशींना अपराध्यासारखं झालं. आईला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, काशी कुठं अन् हे कुठं. घ्या थोडं. कोन पाहून राहिलं?"

"कोनीच नाही," काका म्हणाले आणि भातावर लिंबू पिळलं.

संध्याकाळी आम्ही वाळूवर शहाळी घेऊन बसलो. म्हणजे आई आणि मी. काकांनी स्वतःसाठी बाटलीतलं साधं पाणी घेतलं. माझं पिऊन झाल्यावर त्यांनी शहाळं फोडून आणलं आणि करवंटीच्या तुकड्यानं मलई काढायला बसले. तपकिरी साल राहू नये म्हणून जपून खरवडत होते. मी धीर करून विचारलं, "काका, इथं सगळ्यात नारळ असते हे तुमाले ठाऊक होतं ना? मग इथंच काहून आलो आपण?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुह्यी काकू संत्री सोलत बसे, आठवते तुले?"

आठवत होतं. हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर संत्र्यांचा ढीग असायचा. काकू एकेक फोड घेऊन दोरे काढायच्या, बिया काढायच्या आणि आम्हा सगळ्या पोरांच्या हातावर ठेवायच्या. वाटून झालं तरी किती तरी वेळ हात धुवायच्या नाहीत. तशाच बसून राहायच्या.

"मी खात होतो, अन् वरून तिलेच सांगत होतो, गोड आहे वं," काका म्हणाले. "मजाक करत होतो. तिनं इतके वर्सं हे कसं केलं असंन, ते पाहाचं होतं मले. नागपुरात कसं समजंन?"

त्यांनी मलईचा शेवटचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तो खाईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले.

"गोड आहे?"

मी हो म्हटलं. खोटं सांगायला हवं होतं का, अजून कळत नाही.

लाट अगदी पायाशी येऊन गेली. पाणी एवढं जवळ होतं, पण काकांनी हात धुतले नाहीत.