बेचाळीस गवे आणि टिटवीचं उत्तर

एका जंगलात, मुलांनो, प्रश्न विचारण्याची एक रीत होती. ज्यानं विचारलं, त्यानं उत्तर मिळेपर्यंत समोर उभं राहायचं. हलायचं नाही, खायचं नाही.

टिटवीबाईनं नदीच्या वाळूत चार अंडी घातली होती. दर उन्हाळ्यात गव्यांचा कळप तिथूनच पलीकडे जाई. म्हणून ती कळपाच्या म्होरक्याकडे, भिमाजी गव्याकडे गेली.

"दादा, यंदा कधी निघणार?"

भिमाजी आधी रवंथ करी, मग बोले. टिटवी दीड दिवस उभी. उत्तर मिळालं, "ठरायचंय." परत येऊन पाहते तो मुंगसानं एक अंडं फस्त केलेलं. बिचारी ऊर फुटेस्तोवर रडली.

ते ऐकून सिंहमहाराजांनी रीतच बदलली. नदीकाठच्या वडाच्या ढोलीत पानावर निरोप टाका आणि आपापल्या कामाला लागा. समोरचा सवडीनं वाचेल, उत्तर ढोलीतच टाकेल. ढोलीवर सुतारपक्षी नेमला. पान पडलं की तो टकटक करी. ती पोच. पोच मिळाली की काम झालं, असं सगळे धरून चालले. शहाणं जंगल होतं ते.

टिटवी तीन अंड्यांवर बसून राहिली. मुंगूस चार हातांवर टपलेलंच होतं.

एके सकाळी पाहते तो वडाखाली बेचाळीस गवे! ती किंचाळली,

"थांबा हो! इथं अंडी आहेत!"

"थांबलोच आहे," भिमाजी म्हणाला. "'वाळूतून जाऊ का?' असं पान तुम्हाला परवाच टाकलंय. उत्तर येईपर्यंत हलणार नाही."

"अहो, नव्या रीतीत थांबायचं नसतं."

"विचारून पाठ फिरवायची? आमच्या घराण्यात नाही असला उद्धटपणा."

"मग तोंडीच सांगते ना!"

"पानाला पानानंच उत्तर द्यावं, बाई. ढोलीत टाका."

टिटवी उठली. मुंगसानं मिशा पुसल्या. टिटवी परत बसली. आणि एकदम तिची भीतीच गेली. आपण उत्तर दिलं नाही, तर हा धिप्पाड सज्जन जागचा हलणार नाही!

तीन दिवस ती ढिम्म बसली. मागचे गवे भिमाजीला ढुसण्या देत राहिले. चौथ्या दिवशी पिल्लं बाहेर आली आणि लव्हाळ्यात पळाली. मग टिटवीनं ढोलीत पान टाकलं : "उशिराबद्दल क्षमस्व. खुशाल जा."

नव्या रीतीमुळे तीन जीव वाचले, अशी महाराजांनी दवंडी पिटवली. टिटवीनं मान डोलावली.

तात्पर्य : आलेल्या निरोपाला ताबडतोब उत्तर द्यावं, असं तुमच्या बाई सांगतील. त्यांचं जरूर ऐका. फक्त आधी पिल्लं पळू द्या.