तीन पिढ्यांचा अर्क

"मुदीरला परवा सकाळी ऑफिसात उभा नाही केला, तर नावाचा दौलत शिगवण नाही!"

दम्मामच्या कॅम्पातल्या सात नंबरच्या खोलीत, लोखंडी खाटेवर उभं राहून दौलतनं हे जाहीर केलं. खाटेवर चढायची खरं तर काही गरज नव्हती. पण गडी वेल्डर. सगळं आयुष्य उंचावरच्या पाइपांना टाके घालण्यात गेलेलं. त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं तर आधी कशावर तरी चढायचं, ही त्याला सवयच लागली होती.

"त्याला अमेरिकन डॉक्टर बघून गेला," मेसचा आचारी बाबाजी खालूनच म्हणाला. "तो नाही उभा राहिला. तू काय करणार?"

"अमेरिकन डॉक्टराला काय कळतंय? आमचा डॉक्टर विलायतचा!"

आता मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, ऑफिसात उभा राहिला काय नि अंथरुणात पडला काय, एका वेल्डरला त्याचं काय एवढं? तर होतं. दौलतच्या पोरीचं, पारूचं, सात मेला फुणगूसला लग्न होतं. गुरुवारच्या विमानाचं तिकीट उशीखाली होतं. पासपोर्ट मात्र मुदीरच्या टेबलाच्या खणात, आणि सुट्टीवर सोडायच्या कागदावर सही करायचा अधिकार त्या एकट्या मुदीरला. तो सहा दिवस तापानं फणफणलेला. खणाला कुलूप, आणि किल्ली त्याच्या उशाशी.

दोन वर्षांपूर्वी दौलतचे वडील गेले, तेव्हा त्याला पत्र मिळालं एकोणीस दिवसांनी. तोवर गावाला तेराव्याचं जेवणही पचून गेलं होतं. त्या दिवशी त्यानं पारूला पत्रात लिहिलं होतं, तुझ्या लग्नाला मी मांडवात असणार म्हणजे असणार. हे वाक्य लिहिताना तो रडला होता. त्यामुळे मुदीरला बरं करणं भागच होतं.

आणि बरं करायला त्याच्याकडे औषध होतं! डॉक्टर क्विलफर्डचा जगप्रसिद्ध अर्क! विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हा हा अर्क बोटीतून मुंबईला उतरायचा, आणि संगमेश्वर तालुक्याची एजन्सी होती दौलतच्या आजोबांकडे. बाटलीवर दाढीवाल्या साहेबाचं चित्र. खाली बेचाळीस दुखण्यांची यादी : हिवताप, पटकी, सर्पदंश, बायकांचं उदास वाटणं, घोड्याच्या गुडघ्याची सूज. त्याखाली एका कलेक्टराच्या मडमेचं नि एका संस्थानिकाच्या हत्तीच्या माहुताचं शिफारसपत्र. पुढे राणी गेली, साहेब गेला, कंपनी बुडाली. पण लोकांना सवय लागलेली, ती कशी जाणार? मग आजोबांनी आणि त्यांच्यामागे वडिलांनी तो अर्क घरातच बनवायला घेतला. ओवा, पुदिना, कापूर, आणि 'बाकीचं' म्हणून एक डबा होता, त्यातलं थोडं. त्या बाकीच्याला नाकात झिणझिण्या आणणारा वास होता. ते काय होतं हे तीन पिढ्यांत कुणी विचारलं नाही. बाटलीवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असावं, पण बारीक इंग्रजी वाचणारं माणूस घराण्यात झालं नव्हतं.

वडिलांच्या हातची शेवटची बाटली दौलतनं खोबरेल तेलाच्या बाटल्यांत लपवून आणली होती. आजवर उघडली नव्हती.

मुदीरच्या घरी जायचं तर हाशम हवा. हाशम दाभोळचा, कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर. बारा वर्षं सौदीत काढलेली, त्यामुळे अरबी असं बोलायचा की ऐकणाऱ्यानं विचारावं, बाबा रे, तुझी टोळी कुठली?

"नेतो," हाशम म्हणाला. "पण एक अट. तोंड उघडायचं नाही. जे काय बोलायचं ते मी बोलेन."

"मी मुका!" दौलत म्हणाला.

दुपार कलता कलता ते मुदीरच्या दारात पोचले आणि नेमकी बांग झाली. हाशम नमाजाला निघाला. जाताना पुन्हा बजावून गेला, "मी येईपर्यंत गाडीतून उतरू नको."

पंधरा मिनिटांचं काम. पण नमाज आटपून बाहेर येतो तर हाशमच्या चपला गायब! कुणीतरी चुकून घालून गेलेला. तो बिचारा मशिदीच्या पायरीशी चपला शोधत फिरतोय, आणि इकडे मुदीरचा थोरला भाऊ नमाज उरकून घरी परतला. पांढरी दाढी, शांत चेहरा. आपल्या दारात उन्हानं भाजून निघालेला एक माणूस गाडीत बसलेला त्याला बघवेना. त्यानं स्वतः दार उघडलं, दौलतचा हात धरला, आणि आदरानं आत नेऊन बैठकीत बसवलं. समोर खजूर ठेवले, कहवा ओतला. पाहुणा म्हणून दौलतचं असं आगतस्वागत दोन वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्याला भरून आलं.

कोपऱ्यात मुदीर दोन ब्लँकेटं लपेटून कण्हत होता.

"ऐश हादा?" भावानं बाटलीकडे बोट दाखवत विचारलं. हे काय?

दौलतकडे एकूण चाळीसएक अरबी शब्द होते. त्यातले तीस पाइपांचे. मुका राहायचं हे त्याच्या लक्षात होतं, पण एवढ्या प्रेमानं कहवा पाजणाऱ्याला उत्तर नाही द्यायचं, हे कोकणी माणसाच्या रक्तात नाही.

"दवा," तो म्हणाला. मग नाव सांगायला हवं म्हणून म्हणाला, "अरक."

भावाचा हात कहव्याच्या सुरईवरच थांबला. "अरक?"

"ऐवा! अरक हिंदी! वाजिद झैन!" म्हणजे, हो, हिंदुस्थानी अरक, फार फार चांगला!

कण्हणं बंद झालं. मुदीरनं ब्लँकेटातून एक डोळा बाहेर काढला. भावानं बूच उघडून वास घेतला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दौलतला वाटलं, पटलं! मग काय विचारता! त्यानं खुणेनं डोस सांगितला : सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. "बेबी पण! मदाम पण!" तरी समोरच्यांचे चेहरे खुलेनात, म्हणून शिफारसपत्रासारखं त्यानं ठोकून दिलं, "कॅम्प कुल्लू! सगळा कॅम्प! रोज!"

एक थेंबसुद्धा कॅम्पातल्या कुणी पाहिला नव्हता. पण औषध विकायचं म्हणजे थोडं वाढवून बोलावंच लागतं, हे त्याच्या घराण्यातच होतं.

भाऊ उठला आणि टेलिफोनकडे निघाला.

तेवढ्यात हाशम आला. अनवाणी, पाय भाजलेला, लंगडत. बैठकीतला दौलत, उघडी बाटली, भावाच्या हातातला रिसीव्हर, हे सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "काय बोललास काय तू, मेल्या?"

"काय नाय! नुसतं नाव सांगितलं. अरक!"

आपल्याकडे अर्क म्हणजे ओव्याचा, पुदिन्याचा, फार तर एखाद्या बेरकी माणसाला आपण म्हणतो, काय अर्क आहे! पण तिथे अरक म्हणजे दारू. नुसती दारू! आणि दारू म्हणजे काय होतं, ते हाशमला बारा वर्षांत चांगलं माहीत होतं. पण त्याच शब्दाचा तिथे दुसरा अर्थ आहे, घाम. हाशमनं त्या घामाला बुडत्यानं काडी धरावी तसा धरला.

"तो अरक नाही, हा अरक!" असं अरबीत ओरडत त्यानं आपलं कपाळ पुसून दाखवलं. घाम आणणारं औषध, ताप उतरवणारं, असं त्याला म्हणायचं होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून वाक्य पुरतं निघतं थोडंच! 'आणणारं' पोटातच राहिलं.

"घाम?" भावानं रिसीव्हर खाली ठेवला, बाटली उजेडात धरली, आणि दौलतकडे बोट करून विचारलं, "कुणाचा?"

दौलतला वाटलं, हा विचारतोय, बनवला कुणी? त्यानं छाती फुगवली.

"अना! अबूय! जद्दी!" मी! माझा बाप! माझा आजा!

हाशमनं डोळे मिटून घेतले.

कोपऱ्यातून घरघर ऐकू आली. मग खोकला, मग ठसका, आणि मग मुदीर जो हसत सुटला! तीन पिढ्यांचा घाम! बाटलीत भरून! बेबीला नि मदामला दोन दोन चमचे! तो गाद्यांवर लोळला, ब्लँकेटं लाथाडली, दौलतकडे बघून थांबला आणि पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासात त्याचा सदरा भिजून चिंब झाला. ताप खाडकन उतरला. भाऊ हसला नाही. त्यानं बाटली अंगणातल्या मोरीत उपडी केली आणि हात तीनदा धुतले. बापाच्या हातची शेवटची बाटली गटारात जाताना दौलत बघत उभा राहिला. वाईट त्याला फार वाटलं.

गाडीत हाशमनं त्याला अरकचा अर्थ सांगितला.

"म्हणजे काय झालं असतं?"

"फटके. मग जेल. मग पाठवणी."

"पाठवणी म्हणजे घरी?"

"घरी. कायमचं."

दौलतनं थोडा विचार केला. "जेल किती दिवसांचं असतं?"

"सहा महिने तरी."

"मग नको," दौलत म्हणाला. "सात मेच्या पुढे जातं."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मुदीर ऑफिसात उभा! बोललेलं खरं झालं. बाबाजीनंसुद्धा मान डोलावली. साडेआठला दौलतला बोलावणं आलं. तो आंघोळ करून, भांग पाडून हाशमसोबत गेला. त्याला बघताच मुदीर पुन्हा हसला. मग बराच वेळ प्रेमानं बोलला. हाशम ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याची मान खाली जात होती.

"तो म्हणतो, तुझ्यासारख्या माणसानं पाइपांवर डोळे जाळायचे नाहीत. त्यानं तुला स्वतःच्या नावावर घेतलाय. आजपासून कंपनी नाही, तोच तुझा कफील, म्हणजे धनी नि जामीन. त्याच्या घरी बागेत काम. पगार वाढवून. सकाळी येऊन त्यानं पहिलं काम हेच केलं. कंपनीच्या कागदांतून तुझं नाव स्वतःच्या हातानं काढलं."

"आणि सुट्टीचा कागद?"

"तो कंपनीच्या नावावर होता. रद्द झाला. आता आधी नवा इकामा, राहायचा परवाना, मग नवा कागद."

"किती दिवस?"

"चाळीस."

"त्याला सांग रे, पोरीचं लग्न आहे."

हाशमनं सांगितलं. मुदीरचं हसू मावळलं. त्यानं छातीवर हात ठेवला, दोनदा मुबारक म्हणाला, आणि तसाच उठून दौलतला आपल्या मोटारीत घालून पासपोर्टाच्या कचेरीत घेऊन गेला. तिथे तीन तास भांडला. पण खिडकीतला कारकून म्हणाला, खलास. जुना शिक्का गेला तो गेला. परतताना मुदीर एका दुकानापाशी थांबला आणि पोरीसाठी म्हणून त्यानं एक भलामोठा जपानी टेपरेकॉर्डर घेतला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर दौलतला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

गुरुवारी दौलतच्या जागी टेपरेकॉर्डर गेला. हाशमचा मावसभाऊ गावी निघाला होता, त्याच्याबरोबर.

जूनमध्ये कॅसेट आली. सोबत बायकोची, शेवंताची, चिठ्ठी : लग्न यात भरलं आहे. कन्यादान भाऊजींनी केलं. शेवटी पारू तुमच्याशी बोलली आहे, कुणाला ऐकू दिलं नाही.

शुक्रवारी सात नंबरच्या खोलीत बाबाजीचा टेप मधोमध ठेवला. पंधरा माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. बाबाजीनं मेसमधल्या तांदळाला हळद-कुंकू लावून अक्षता केल्या होत्या. हाशम अत्तर लावून आला, नव्या चपला घालून. दौलतला खाटेवर बसवलं. यावेळी तो खाटेवर उभा राहिला नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज, मागे पोरांचा कालवा, कुणाची तरी म्हैस. प्रत्येक 'सावधान'ला पंधरा माणसं टेपवर अक्षता टाकत होती. दौलत रडत होता आणि कुणी त्याला थांबवत नव्हतं. शेवटच्या 'सावधान'ला हाशमला राहवेना. त्यानं ताटातली उरलेली ओंजळ सगळीच्या सगळी टेपवर उधळली.

टेप कुरकुरला, आणि बंद पडला.

दाणे आत गेले होते. झाकण उघडलं तर फितीची गुंतवळ झालेली. दौलतनं तारेच्या टोकानं एकेक दाणा वेचला. फीत बोटांनी सरळ केली, चुरगळलेला भाग कापला, चिकटपट्टीनं जोडला, पेन्सिलनं गुंडाळली. पाइप जोडणारा हात, त्यानं कोरून काम केलं. दोन तास लागले. कुणी उठलं नाही.

मग त्यानं बटण दाबलं. बरीच खरखर झाली, आणि पारूचा आवाज आला. दोन वर्षांत तो बाईमाणसाचा झाला होता.

"...म्हणून टेपरेकॉर्डर मी सासरी नेतेय, बाबा. आईला सांगू नका."

आणि कॅसेट संपली.

आधीचं सगळं कापलेल्या तुकड्यात गेलं होतं. तो तुकडा उजेडात धरून दौलतनं पाहिला, पण फितीवर बघून काही कळत नाही. माणसं एकेक करून उठली. हाशम कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता.

"असू दे रे," दौलत त्याला म्हणाला. "बोलली ना ती."

मग त्यानं टेप मागे घेतला आणि पुन्हा लावला. "...म्हणून," पारू म्हणाली. कशा म्हणून, ते तेवढं राहिलंच.