राक्षसाचं दुसरं डोकं

मी फक्त 'हो' म्हणालो. बाकी सगळं त्या 'हो'च्या मागोमाग आपोआप घडत गेलं.

रविवार होता. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीचा घसा पार बसला होता आणि डॉक्टरांनी तिला तीन दिवस अवाक्षर काढायचं नाही अशी तंबी दिली होती. (घरात किती शांत वाटतंय, असं मी बायकोला म्हणालो. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मीही तीन दिवस गप्प बसायचं ठरवलं.) जेवणं झाल्यावर लेक वही घेऊन समोर उभी राहिली. वहीत लिहिलं होतं : 'बाबा, आज चार वाजता माझ्याऐवजी राक्षस होशील?'

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात कारकून आहे. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणतो. ओरडायची पाळी आपल्यावर येतेय म्हटल्यावर कोण सोडेल?

"होतो की!" मी म्हणालो.

राक्षस होणं म्हणजे नेमकं काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी धरून चाललो की मैत्रिणींचं काहीतरी नाटक असणार. बायको जरा पडली होती. मी कपाटातून हिरवी चादर काढली, मधोमध कात्रीने भोक पाडलं आणि डोकं बाहेर काढलं. पुठ्ठ्याची दोन शिंगं केली. मग स्वयंपाकघरातल्या खायच्या हिरव्या रंगाची अख्खी बाटली तोंडाला फासली. ठीक चार वाजता "हॉऽऽऽ!" अशी आरोळी ठोकून मी बाहेरच्या खोलीत उडी मारली.

टेबलाभोवती मुलीच्या तीन मैत्रिणी बसल्या होत्या. समोर कागद, पेन्सिली, फासे. कुणी किंचाळलं नाही की हललं नाही. त्यांतली चष्मेवाली जपून म्हणाली, "काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

लेकीने डोक्याला हात लावला आणि वहीत लिहिलं : 'फक्त आवाज हवा होता.'

तर तो बसून, बोलून खेळायचा खेळ निघाला. चष्मेवाली त्यात जादूगारीण होती, वेणीवाली धनुर्धारी आणि तिसरी, जी हळूच माझी पेन्सिल पळवत होती, ती चोर. गोष्ट सांगायची आणि वाटेतले सगळे राक्षस करायचे हे काम आमच्या मुलीचं. कुणी वार केला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर वार लागला, छोटा आला तर हुकला. आज या तिघींना एका पुलावरून पलीकडे जायचं होतं आणि पुलावर बसला होता दोन डोक्यांचा राक्षस. मुलीने त्याची माहिती लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. खाली लाल शाईत एक ओळ होती : 'दुसरं डोकं पहिल्याशी कधीही सहमत होत नाही.'

"हे राक्षसा," वेणीवाली गरजली, "आम्हाला पुलावरून जाऊ दे!"

"आपली विनंती नोंदवली आहे," माझं पहिलं डोकं म्हणालं. (सवय हो, दुसरं काय!)

"आणि दुसरं डोकं?"

मी आवाज बदलला. "होय साहेब, नोंदवली आहे."

"काका, ती भांडतात एकमेकांशी!"

मी पुन्हा प्रयत्न केला. पण बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची दोन डोकी भांडणार कशी? एक डोकं काही बोललं की दुसरं लगेच मान डोलवायचं. पोरींचे चेहरे पडले. चोराने तर माझी पेन्सिलही परत केली.

खिडकीपाशी आरामखुर्चीत माझे सासरे बसले होते. अप्पा. अडतीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. असा आवाज, की ऐकल्यावर झोपलेले प्रवासीसुद्धा बॅगा उचलायचे. पण सासूबाई गेल्या तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, या माणसाकडे दोनच शब्द उरले होते, 'हं' आणि 'नको'. बायको रोज सकाळी त्यांच्याशी तासभर बोलायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायची. मी काय करणार? मी पाणी फुकट जातंय असं एकदा म्हणालो होतो. त्यानंतर काहीच म्हणालो नाही.

आता केवळ सुटका व्हावी म्हणून मी मान वळवून म्हणालो, "अप्पा, तुम्ही घेता का दुसरं डोकं?"

"हं," अप्पा म्हणाले. तो हो होता की नाही, हे आठ महिन्यांत आम्हाला कधीच कळलं नव्हतं.

मी पुन्हा पोरींकडे वळलो. "तर, पुलाबाबत सात दिवसांत आपल्याला कळवण्यात..."

"चूक."

सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या.

"कृपया इकडे लक्ष द्या," खिडकीकडून आवाज आला. तोच आवाज. काचा थरथरल्या. "पुलावरून पलीकडे जाणाऱ्या सर्व प्रवाशांना सूचित करण्यात येते, की पहिल्या डोक्याने दिलेल्या कोणत्याही माहितीवर विश्वास ठेवू नये. त्या डोक्याला काहीही माहीत नसतं."

पोरी टाळ्या पिटत उठल्या. लेकीने आजोबांची खुर्ची ओढत टेबलाशी आणली, कात्री घेतली आणि चादरीला माझ्या शेजारी दुसरं भोक पाडलं. सतरा वर्षं मी आणि अप्पा एका सोफ्यावरसुद्धा मधे उशी ठेवून बसत आलो होतो. आता एका चादरीत खांद्याला खांदा लावून बसलो.

"खोटं आहे हे!" माझं डोकं जमेल तेवढं गरजलं. "हा पूल मी सांभाळतो!"

"प्रवाशांनी नोंद घ्यावी," दुसरं डोकं म्हणालं, "याच डोक्याने स्वतःच्या लग्नात पाहुण्यांची बस चुकीच्या गावाला पाठवली होती."

"अप्पा, ते खेळात नाहीये!"

"राक्षसाला सगळं आठवतं, जावईबापू."

तेवढ्यात बायको आतून ट्रे घेऊन आली. चहाचे कप होते, बिस्किटं होती. आधी तिला तिची चादर दिसली, मग भोक, मग दुसरं भोक. आणि मग त्या दुसऱ्या भोकातून आलेलं आपल्या वडिलांचं डोकं.

"अप्पा?" ती म्हणाली.

"स्वयंपाकघराकडून येणारा चहा," अप्पांनी जाहीर केलं, "नियोजित वेळेपेक्षा पंधरा मिनिटे उशिराने येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही..."

पुढे त्यांना बोलवेना. चादरीतून त्यांचा खांदा हलत होता, मला लागत होता. मला वाटलं, रडतायत. वळून पाहिलं तर हसत होते. नीट पाहिलं तर दोन्ही. बायकोने ट्रे जमिनीवरच ठेवला आणि भिंतीला टेकून तीही तशीच हसत, डोळे पुसत उभी राहिली. चादरीचं नाव तिने काढलं नाही. (अजूनही काढलेलं नाही. मला रोज वाटतं, आज काढेल.)

खेळ मात्र थांबला नव्हता. जादूगारीण पुढे झाली. "दुसऱ्या डोक्या, पलीकडे जायला काय करावं लागेल?"

"अगदी सोपं आहे," अप्पा म्हणाले. "पहिलं डोकं उडवा."

"अप्पा!"

वेणीवालीने फासा टाकला. तो टेबलभर गडगडला आणि थांबला. वीस. इतका आनंद माझ्या बढतीच्या दिवशीसुद्धा कुणाला झाला नव्हता. मी मान टाकली. पोरी अप्पांना सलाम करून पूल ओलांडून गेल्या.

मैत्रिणी घरी गेल्यावर आम्ही दोघं तसेच चादरीत बसून होतो. बाहेर कसं पडायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या माझ्या बायकोकडे बघत अप्पा हळू आवाजात म्हणाले, "हिची आई आज हवी होती."

आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच सासूबाईंचा विषय काढला होता.

"तिला तुमची फजिती बघायला फार आवडायचं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खरं सांगतो, एवढी मोठी शाबासकी मला कधी मिळालेली नाही. सोमवारी मी हिरव्या चेहऱ्याने ऑफिसात गेलो. साहेबांनी कावीळ समजून मला लांब बसवलं, आणि दिवसभर एकही माणूस ओरडायला जवळ आला नाही. त्या हिरव्या तोंडाने मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होतो. त्या पुलाचे, त्या फाशाचे, लेकीच्या बसलेल्या घशाचेसुद्धा. संध्याकाळी घरी आलो, तर अप्पा बायकोला भाजी कशी चिरावी ते सांगत होते आणि ती भांडत होती. नळ बंद होता.

बुधवारी लेकीचा आवाज परत आला. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी राक्षस परत आणायचाय. सगळ्यांना तो फार आवडला."

मी कॉलर ताठ केली. "म्हणजे मी पण असणार!"

"हो तर! आजोबा डोकं. तू त्यांच्या शेजारी बसायचं."

"म्हणून काय?"

"कापलेली मान म्हणून."

"तिला काही संवाद?"

"नाहीत ना," लेक समजावत म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांनी तुला घ्यायला हो म्हटलं."