कृपया फोन ठेवू नका

“माणसाच्या काळजाची किल्ली माझ्या बोटांत आहे,” उस्तादांनी जाहीर केलं. मग खोलीची कडी बाहेरून लागलीय हे लक्षात आल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली.

उस्ताद हे नाव बायकोचंच. ते कौतुकाने ठेवलं होतं, असं कोणी म्हणत नाही. अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टेकवून त्यांनी स्टुडिओ थाटला होता. बायको फ्रिजच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. ती फोन उचलेपर्यंत ग्राहकांना ऐकवायचं संगीत करायला नवऱ्याला घ्या, असा शब्द तिने साहेबांकडे टाकला होता.

“माझी खुर्ची पणाला लावलीय,” ती म्हणाली. “लोक शांत व्हायला हवेत.”

“तीन सूर एकदम दाबायचे, झाली कॉर्ड. मेजर दाबली की माणूस खूश.”

मेजर वाजली आणि लोक भडकले. “इथे दूध नासलंय आणि तुम्ही नाचताय?”

उस्तादांनी मधला सूर किंचित खाली आणला. झाली मायनर. आता ग्राहक रडू लागले. एका आजोबांनी फ्रिजचं राहू दिलं आणि थोरल्या सुनेचं काढलं. त्यात बायकोची जेवणाची सुट्टी गेली.

मग आली डिमिनिश्ड. ती ऐकली की आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. लोक फ्रिजचा प्लग काढून घराबाहेर जाऊन बसले.

“शनिवारपर्यंत मुदत आहे,” बायको म्हणाली. “मग तुमचं संगीतही बंद आणि माझा पगारही.”

उस्तादांनी ठेवणीतली सस्पेंडेड काढली. ही अधांतरी लटकते; आता सुटेल, मग सुटेल, असं वाटत राहतं. लोक फोनला चिकटले. बायकोने उचलला की म्हणत, “बाई, जरा थांबा, ते पुरं होऊ द्या.” सगळ्या लाइनी तुंबल्या.

“संपवा ते एकदाचं,” साहेब काकुळतीला आले.

उस्तादांनी लटकलेला सूर अलगद मेजरवर उतरवला. ग्राहकांनी सुस्कारा सोडला, “आभारी आहे हं,” म्हणाले आणि फोन ठेवून दिला. तक्रार सांगायची कोणाला आठवणच राहिली नाही. शनिवारी तक्रारींचा कागद जवळजवळ कोरा पाहून साहेबांनी बायकोला बढती दिली. उस्ताद दिवसभर आरशासमोरून हलले नाहीत.

संध्याकाळी घरातल्या फ्रिजने मान टाकली. तो अर्थातच त्याच कंपनीचा.

“मी तक्रार नोंदवली तर ऑफिसात म्हणतील, घरचं काम आधी उरकलं. तुम्हीच करा फोन.”

उस्तादांनी फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले. सूर लटकला, रेंगाळला, उतरला. त्यांनी तृप्त होऊन फोन खाली ठेवला.

“मग? कधी येतोय माणूस?”

उस्तादांनी डोळे उघडले. फोनकडे पाहिलं. मग छताकडे.

बायकोने दुधाचं पातेलं त्यांच्या हातात दिलं. “शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये एवढं मावतंय का, विचारून या.”