मालक सापडला!

पालिकेला कामाला कसं लावायचं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं! फी घेणार नाही. मागायला तोंड राहिलेलं नाही, हे पुढं कळेलच.

धायरीत आमचं बैठं घर आहे. शेजारी पाच गुंठ्यांचा मोकळा प्लॉट. मोकळा आपला कागदोपत्री! प्रत्यक्षात तिथं पुरुषभर गाजरगवत, दोन फुटके कमोड, तीन गाद्या आणि कुणाच्या तरी लग्नातलं थर्माकोलचं सिंहासन होतं. डास असे, की संध्याकाळी बेल वाजली तरी आमची हेमा म्हणायची, "अहो, बघा, आता बेल वाजवून यायला लागले!" प्लॉटचा मालक कोण, हे मात्र आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पडलो पुणेकर. पहिला उपाय अर्थातच पाटी! स्वतः मजकूर रचला, रंगाऱ्याकडून लिहून घेतला:

"हा उकिरडा नाही. हौस असल्यास आपल्या दिवाणखान्यात करावा. – हुकुमावरून, श्यामसुंदर पानसे."

समोरचे शकीलभाई पाटी वाचून म्हणाले, "पानसेसाहेब, मजकूर झकास! पण खाली नाव कशाला?"

"शकीलभाई, बिनसहीची पाटी म्हणजे बिनमिठाची आमटी!"

पाटी भलतीच गाजली. लोक लांबून वाचायला यायचे. येतच आहोत तर, म्हणून हातातली कचऱ्याची पिशवीही ठेवून जायचे!

मग मी पालिकेत तक्रार केली. एक नाही, सतरा! शेवटी आरोग्य निरीक्षक हिंदुराव जगताप आले आणि त्यांनी प्लॉटवर नोटीस चिकटवली: मालकानं सात दिवसांत सफाई करावी, नाहीतर पालिका करेल आणि खर्च मालकाकडून वसूल करेल. वाचून मला इतका आनंद झाला, की मी कोपऱ्यावरच्या चहावाल्यालासुद्धा फुकट चहा पाजला. त्याच्याच टपरीवर!

आठव्या दिवशी जेसीबी आला. मी खुर्ची टाकून बसलो.

"तो खड्डाही भरा! मुरूम चांगला टाका! अहो, आणखी दोन डंपर बोलवा ना, मालकाचे पैसे कशाला वाचवताय?"

हिंदुराव मान डोलवत लिहून घेत होते. केवढा आज्ञाधारक अधिकारी, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी बिल आलं. सेहेचाळीस हजार तीनशे रुपये. नाव: श्यामसुंदर पानसे!

मी धावत कार्यालयात गेलो. "अहो, हा प्लॉट माझा नाही!"

"पाटी आपलीच ना?"

"पाटी माझी, जागा नाही!"

"जेसीबीला हुकूम कोण देत होतं?"

"मी... म्हणजे, उत्साहानं!"

"मग उत्साहानं भरा," हिंदुराव म्हणाले. "नाहीतर घराच्या मिळकतकरात चढेल. दुसरा मालक असेल तर हजर करा."

घरी हेमा वाट बघत होती. बहिणींबरोबर अंदमानला जाण्यासाठी तिनं चार वर्षं शिकवण्या घेऊन पन्नास हजार जमवले होते. "त्या पैशांना हात लावलात," ती म्हणाली, "तर अंदमानला तुम्हालाच धाडीन. परतीचं तिकीट न काढता!"

मी तलाठ्याकडे खेटे घालून सातबारा काढला. मालक निघाले गावठाणातले गेनबा. गेलो तर म्हातारा बाजेवर बसून माझ्याच पाटीचा फोटो बघत होता!

"आलात व्हय? जागा माझी अन् नाव तुमचं? कब्जा करताय?"

"नाही हो! जागा तुमचीच आहे! तुमचीच राहो! एवढं पालिकेत येऊन सांगा, पाया पडतो!"

गेनबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धायरीत जागा नगं म्हणनारा मानूस म्या आजवर बघितला न्हाय. यात कायतरी काळंबेरं हाय. मोजनीच आनतो!"

मोजणी आली. जागा गेनबांचीच ठरली. त्यांनी बिल मुकाट्यानं भरलं आणि मी सुटलो! पेढे आणायला निघणार, तेवढ्यात मोजणीदार आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला, "ही दोन फूट त्यांच्यात आलीय."

"काढून घ्या," गेनबा म्हणाले. "धा दिस देतो."

भिंत पाडली. आता पडलेल्या विटा-मातीचं काय करायचं? टेम्पोवाला आठ हजार मागत होता. आठ! मी म्हटलं, राहू दे चार दिवस गेनबांच्या प्लॉटवर. एवढी जागा मोकळीच तर आहे! तिसऱ्या दिवशी त्या ढिगावर कुणीतरी एक गादी आणून टाकली. पाचव्या दिवशी एक कमोड आला. आणि आठव्या दिवशी आला जेसीबी! मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि आतूनच डंपर मोजले. चार.

विटा माझ्या भिंतीच्या, म्हणून बिलही माझ्याच नावावर: चारही डंपर, मजुरी आणि वर राडारोडा टाकल्याचा दंड! हेमानं अंदमानच्या पैशांचा डबा उघडला, नोटा माझ्यापुढं ठेवल्या आणि बहिणीला फोन लावला. "ताई, तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणाली. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. म्हटलं तर होती, पण ती गेनबांची!

कार्यालयात हिंदुरावांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं. "हा ढीग आपला नाही, असं काही म्हणणं आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझी काहीही तक्रार नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "या वेळी तुम्हाला मालक अचूक सापडलाय."