आकाशावरचा लाल शेरा

एका जंगलात, बाळांनो, शाळेला छप्पर नव्हतं. त्यामुळे तिथे आकाश फार चांगलं शिकवता यायचं.

ते शिकवायच्या साळूबाई. अंगावर हे एवढे काटे, पण स्वभाव अगदी मऊ. नऊ वर्षं झाली तरी नोकरी तात्पुरतीच होती. आज तपासणी होती. तरससाहेबांनी चांगला शेरा दिला, की बाई कायम होणार होत्या.

बाईंनी पावाचा मळलेला मैदा आणला होता. त्यात चारोळ्या खोचल्या होत्या.

"मैदा फुगला, की चारोळ्या एकमेकींपासून लांब जातात," बाई म्हणाल्या.

"भांडण झालं म्हणून?" सशाने विचारलं.

"नाही रे. त्या पळत नाहीत, मधला मैदा वाढतो. विश्वही असंच पसरतंय."

तरससाहेबांनी वही उघडली. "पुरावा काय?"

खारीने हात वर केला. "साहेब, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे मोठ्ठे थवे. त्या लांब जातात तसा त्यांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो. जितकी लांबची, तितकी ती जास्त वेगाने दूर जाते आणि तितकी लाली जास्त."

"लाल?" साहेबांचे कान उभे राहिले. कचेरीत लाल शाई एकाच कामाला लागते. "म्हणजे आकाशावर लाल शेरा आहे. आणि लांबच्यांवर जास्त. प्रकरण जुनं दिसतंय."

"जुनं आहे, हे मात्र खरं," बाई म्हणाल्या.

"पसरायला परवानगी कुणाची घेतली?"

"कुणाचीच नाही, साहेब."

"बाई, मी सांभाळून घेतो. पोरांना सांगा, विश्व आहे तिथेच आहे. लगेच सही करतो."

बाईंनी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. नऊ वर्षं त्या याच सहीची वाट बघत होत्या. मग त्यांनी पोरांकडे पाहिलं.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोलेपर्यंत ते आणखी थोडं पसरलं."

साहेबांनी पेन बदललं आणि लाल शाईने लिहिलं: 'या बाईंच्या मते कुणीच जागच्या जागी नाही. सबब त्यांना जागेवर कायम करता येत नाही. डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवावे.'

"बाई, ती शाळा फार लांब आहे ना?" खारीने विचारलं.

"हो गं."

"मग तुम्ही फार वेगाने जाणार."

खारीचं उत्तर बरोबर होतं. दुपारच्या सुट्टीआधीच बाईंना रवाना करण्यात आलं.

तात्पर्य: आकाशात आधी दूर जातात आणि मग लाल दिसतात. नोकरीत आधी लाल शेरा पडतो आणि मग दूर जावं लागतं. म्हणून बाळांनो, पुरावा कितीही भक्कम असो, साहेबांना तो निळा आहे असंच सांगावं.